बादशहाची कोमाद्रे

निकानोराची पहिली दोन मुलं महिन्याचीही होण्याआधी गेली. दोन्ही वेळेला पेटी बासिलिओनं उचलली. पेटी कसली, मेणबत्त्यांचं खोकं ते. पण छातीशी धरून तो असा चालायचा की आत कुणी झोपलंय आणि जागं होऊ नये. बासिलिओ खेचरांचा तांडा हाकायचा. पुएब्लाहून राजधानीकडे मीठ, साबण, काय मिळेल ते वाहायचा. निकानोराच्या नवऱ्याचा, हिलारिओचा, तो लहानपणापासूनचा जिवलग. दुसऱ्या पोराला माती देऊन परत येताना वाटेत तो म्हणाला, "तिसरं जगणार. त्याला पाण्यावर मी धरणार. माझा हात जड आहे, धरलेलं सुटत नाही."

त्यांच्या गावात, सांता इनेसमध्ये, अशा शब्दाला फार किंमत होती. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर ज्यानं मूल धरलं तो मुलाचा धर्मबाप, आणि आईबापांचा कोंपाद्रे. आई त्याची कोमाद्रे. हे नातं रक्ताच्याही वरचं. सख्ख्या भावाशी बांधावरून डोकं फोडून घेता येतं, कोंपाद्रेशी आवाज चढवता येत नाही. अडल्या वेळी त्याच्या दारात गेलं की त्यानं उठायचंच. नाही उठला तर गावात तोंड दाखवायला त्याला जागा उरत नाही.

तिसरं मूल जन्मलं ते अठराशे चौसष्ट सालच्या जूनमध्ये, बादशहा यायच्या तीन दिवस आधी.

बादशहा समुद्रापलीकडून येत होता. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला धाकटा भाऊ. फ्रेंचांनी पुएब्ला जिंकून, राजधानी जिंकून त्याच्यासाठी सिंहासन रिकामं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी याच फ्रेंचांना पुएब्लाच्या किल्ल्याखाली पिटाळलं तेव्हा हिलारिओ आणि बासिलिओ दोघं खेचरांवरून दारूगोळा वर चढवत होते. आता त्याच रस्त्यानं राजा येणार म्हणून प्रीफेक्टचा, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा, हुकूम सुटला होता: दर गावानं फुलांची कमान उभारावी, घरांना चुना लावावा. चुना कमी पडला, म्हणून फक्त रस्त्याकडच्या भिंती पांढऱ्या झाल्या. मागून गाव होतं तसंच होतं.

बादशहालाच धर्मबाप करायची कल्पना पाद्री अन्सेल्मोची. प्रीफेक्टचा एक माणूस बरोबर घेऊन तो थेट घरात आला. हिलारिओ घायपाताच्या रानात नीरा काढायला गेला होता. निकानोरा चटईवर पडून होती.

"तुझ्या पोराला धर्मबाप आणलाय," पाद्री म्हणाला.

"धर्मबाप ठरलाय, पाद्रीबाबा. बासिलिओ."

"बासिलिओकडे चौदा खेचरं आहेत. याच्याकडे अख्खा मेक्सिको आहे."

पुढे लोक म्हणाले, ती हुरळली. हुरळली नव्हती असं नाही. पण खरं कारण ती मेणबत्त्यांची दोन खोकी. मरण गरिबाच्या घरात न विचारता शिरतं. बादशहाच्या लेकराच्या दारात ते निदान टोपी काढून क्षणभर उभं राहील, असं तिला वाटलं. वीस वर्षांची बाळंतीण, अंगात ताप, समोर पाद्री. ती हो म्हणाली.

हिलारिओ संध्याकाळी आला, ऐकलं, आणि कितीतरी वेळ नीरा ओढायचा लांब भोपळा धूत बसला. शेवटी एवढंच बोलला, की बासिलिओला सांगायला मी जाणार नाही, तूच सांग. सांगायची वेळ आली नाही, कारण बासिलिओ स्वतःच आला. हातात बाळासाठी आणलेली पांढरी टोपी होती. ती त्यानं पाट्यावर ठेवली, जिथं मका वाटतात तिथं.

"राजा पोराला पाण्यावर धरेल, निका," तो म्हणाला. "ताप आल्यावर घोंगडीत गुंडाळून वैद्याकडे कोण पळणार?"

तो दारातून वाकून बाहेर पडला तो पुन्हा कधी त्या घरात आला नाही.

बादशहाला निकानोरानं पाहिलंच नाही. पहाटेपासून गाव कमानीखाली उभं होतं. दुपारी धूळ उठली, घोडेस्वार गेले, मग एक बग्गी इतक्या वेगात गेली की कमानीवरची फुलं गळून खाली पडली. खिडकीत दाढी दिसली असं काहीजण म्हणाले, काही म्हणाले पडदा होता. मागून एक दरबारी मात्र उतरला, उंच, घामेजलेला, हातांत पांढरे हातमोजे. बादशहाच्या वतीनं त्यानं चर्चमध्ये बाळाला धरलं. बाळानं त्याच्या मोज्यांवर मुतून घेतलं, आणि तो परका माणूस पोट धरून हसला. त्या सगळ्या दिवसात निकानोराला तेवढाच एक माणूस आवडला. जाताना त्यानं एक चांदीचं पदक दिलं, बादशहाचा मुखडा असलेलं, आणि शिक्क्याचा एक कागद. पोराचं नाव ठेवलं बादशहाचंच, माक्सिमिलियानो. घरात त्याचा चानो झाला, कारण एवढं नाव हाक मारेपर्यंत पोर ओढ्यावर पोचतं.

चानो जगला. चाळीस दिवस झाले, शंभर झाले, दात आले. निकानोरा कागद वरचेवर काढून बघायची. पाद्रीनं तिला त्यावरचं नाव बोटानं दाखवलं होतं, मोठ्या अक्षरांत, मधोमध. तिला वाचता येत नव्हतं, पण तो एक शब्द ती ओळखायला लागली. कुठंही दिसला असता तरी ओळखला असता.

आणि गाव बदललं. परवापर्यंत जी तिला नीरावाल्याची बायको म्हणत ती माणसं आता टोपी काढून कोमाद्रे म्हणायला लागली. आधी थट्टेनं, मग नाही. गावाचा झरा शेजारच्या जमीनदारानं बांध घालून आपल्या गव्हाकडे वळवला होता, त्याला अकरा वर्षं झाली होती. बाया कोंबडी घेऊन येत, अंडी घेऊन येत, म्हणत, तुझ्या कोंपाद्रेला झऱ्याचं सांग की गं. तिनं पाद्रीकडून अर्ज लिहवला. चार महिन्यांनी राजधानीतल्या कचेरीतून उत्तर आलं, आणि ते स्पॅनिशमध्ये नव्हतं, गावाच्या स्वतःच्या बोलीत होतं, नाहुआत. पाद्रीनं ते झाडाखाली वाचलं. तुमचं म्हणणं ऐकलं आहे, विचार चालू आहे, तुमचा पिता तुम्हाला विसरलेला नाही. म्हातारी माणसं रडली. तीनशे वर्षांत कुठल्या साहेबानं आपल्या बोलीत साधी शिवीसुद्धा दिली नव्हती.

झरा जमीनदाराच्या गव्हालाच जात राहिला. पण निकानोरा आता चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची. कुणी उठवलं नाही, आणि तीही उठली नाही. म्हातारपणी या एका गोष्टीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

दुसऱ्या वर्षी, पासष्टच्या ऑक्टोबरात, चर्चच्या दाराला एक छापील फर्मान लागलं. पाद्रीनं ते मोठ्यानं वाचलं नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी सांगितलं: हत्यारबंद टोळीत जो सापडेल त्याला चोवीस तासांत गोळी. रिपब्लिकच्या, म्हणजे बादशहाआधीच्या सरकारच्या, बाजूनं लढणाऱ्यांना आता सैनिक नाही, दरोडेखोर म्हणायचं. निकानोरानं ते लांबून पाहिलं. फर्मानं येत-जात असतात.

बासिलिओ तोवर डोंगरात गेला होता. खेचरं फ्रेंचांनी सामान वाहायला धरून नेली, तेव्हापासून त्याची वीसेक जणांची टोळी झाली होती. हिलारिओ गेला नव्हता. पण कधी भाकरीचं गाठोडं घेऊन रात्रीचा ओहोळाकडे जायचा, आणि निकानोरा गाठोड्यात किती भाकरी ते विचारायची नाही. आपण मित्राचं एक देणं बुडवलंय हे दोघांनाही ठाऊक होतं.

नोव्हेंबरातला मृतांचा सण होऊन आठवडा झाला असेल. बासिलिओच्या टोळीतल्या एकाच्या मांडीत गोळी गेली, आणि त्याला ओहोळातून पलीकडे न्यायला वाट माहीत असलेला माणूस हवा होता. हिलारिओ गेला. जखमी माणसाला आधार देता यावा म्हणून त्याची बंदूक यानं आपल्या खांद्याला अडकवली. उजाडताना बादशाही पलटणीनं दोघांना झाडाखाली बसलेलं पकडलं.

निकानोराला बातमी लागली तेव्हा ती मका वाटत होती. तिनं हात धुतले. पोराला पाठीशी बांधलं, कागद आणि पदक पदरात घेतलं, आणि साडेतीन कोस पायी निघाली. वाटेत तिला भीती वाटली नाही, हे ती पुढे स्वतःच सांगायची. उलट तिला वाटत होतं की आता एकदा कळेल सगळ्यांना. हिलारिओलाही कळेल. कोमाद्रे होऊन काय मिळालं ते आता बासिलिओही बघेल.

पलटण एका जमीनदाराच्या पुल्केच्या, म्हणजे आंबवलेल्या नीरेच्या, कोठारात उतरली होती. कप्तान मेक्सिकोचाच होता, तरुण, सर्दीनं नाक लाल झालेला. त्यानं कागद हातात घेतला, वाचला, आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. बाईमाणसाला बसायला दिलं. पोराकडे पाहून म्हणाला, "हाच का?"

"हाच, साहेब. बादशहाचं लेकरू आहे. त्याच्या बापाला सोडा. कोंपाद्रेला तारेनं कळवा, ते सांगतील."

कप्तानानं तिचा कागद टेबलावर ठेवला. मग त्यानं टेबलावरचं छापील फर्मान तिच्यापुढे सरकवलं. आवाज न चढवता त्यानं सांगितलं की, यात लिहिलंय, शिक्षेविरुद्ध दयेचा अर्ज पुढं पाठवायचा नाही. कुणाचाच नाही. पाठवला तर मी गुन्हेगार.

"हे कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"नाही."

तरी त्यानं कागद उचलला नाही. आणि तिची नजर खाली गेली, जिथं मजकूर संपतो तिथं. काळ्या, जाड अक्षरांत तो शब्द होता. जगात तिला येत असलेला एकुलता एक शब्द. तिच्या पोराचं नाव.

पोर पाठीवर झोपलं होतं. तिनं आपला कागद उचलून घडी घातली. कप्तानानं विचारलं, नवऱ्याला भेटणार का. ती हो म्हणाली.

हिलारिओ कोठाराच्या मागच्या खोलीत पुल्केच्या रिकाम्या पखालींवर बसला होता. जखमी माणूस तिथंच कोपऱ्यात कण्हत होता. पोर जागं झालं, बापाची मिशी ओढायला लागलं. ती म्हणाली, ऐकत नाहीत. तो म्हणाला, "माहीत होतं."

मग त्यानं सांगितलं ते सगळं कामाचं. ओहोळाजवळची तीन घायपातं तयार झालीत, उद्या खरवडली नाहीत तर नीरा आंबेल. गाढवाचा डावा खूर बघ. आणि अगदी शेवटी, कोपऱ्यातल्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात: "बासिलिओ आमच्याबरोबर होता. पाणी आणतो म्हणून ओढ्याकडे गेला. शिपायांचे घोडे त्यानं आमच्या आधी पाहिले असणार. हाक मारली नाही त्यानं."

"पळाला?"

"जाऊ दे. मीही पळालो असतो. फक्त हाक मारायला हवी होती."

सकाळी कोठाराच्या भिंतीशी दोघांना उभं केलं. जखमी माणसाला उभं राहता येईना, म्हणून हिलारिओनं त्याला धरून ठेवलं. निकानोराला हे एका शिपायानं सांगितलं. तिला बघू दिलं नव्हतं. प्रेत घेऊन जायला गाढव मात्र दिलं, कप्तानाच्या हुकमानं. बादशहाच्या कोमाद्रेचा तेवढा मान त्यानं राखला.

गावात दफनाला सातजण आले. उरलेल्यांनी दारं लावून घेतली. दरोडेखोर म्हणून मारलेल्याच्या खड्ड्याशी कोण उभं राहणार? ज्या बायांनी अंडी आणून दिली होती त्या आता तिला पाहून रस्ता बदलायला लागल्या. काहींना वाटत होतं, तिच्या अंगाला बंडखोरीचा वास येतो. काहींना वाटत होतं, तिनंच नवऱ्याला दाखवून दिलं असेल. दोन्ही बोलणाऱ्या बाया एकाच ओढ्यावर धुणं धूत.

तिसऱ्या दिवशी ती कुदळ, खरवडणी आणि भोपळा घेऊन घायपातात गेली. हे बाईमाणसाचं काम नव्हतं. बाई घायपातात शिरली तर नीरा नासते म्हणतात. नासली नाही. एवढंच, की पुल्केवाला तिच्या नीरेला आठ नाण्यांच्या जागी पाच नाणी द्यायचा, आणि वर म्हणायचा, "बाईच्या हातची आहे ना."

पुढच्या दीड वर्षात दिवस फिरले. फ्रेंच गलबतांत बसून घरी गेले. ज्याच्यासाठी आले होते त्याला मागे ठेवून गेले. सदुसष्टच्या एप्रिलात रिपब्लिकच्या फौजेनं पुएब्ला घेतलं, आणि जूनमध्ये केरेतारोला बादशहाला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. बातमी आली त्या दिवशी गावानं फटाके उडवले. कमानीला ज्यानं फुलं बांधली होती त्यानंच घंटा वाजवली. पाद्री अन्सेल्मो आठवड्यापूर्वीच दुसऱ्या गावी बदलून गेला होता. निकानोराला आनंदही झाला नाही आणि दुःखही. तिच्या मनात आलं, त्यालाही कुणी हाक मारली नसेल.

बासिलिओ परत आला तो घोड्यावरून, कप्तान होऊन. गावच्या कचेरीत त्याला टेबल मिळालं. रिपब्लिकसाठी मेलेल्यांच्या विधवांना जमीन मिळणार, म्हणून बाया दारात रांग लावून बसल्या. निकानोराही बसली. दुपारी तिची पाळी आली.

बासिलिओ जाड झाला होता. टेबलावर दोन याद्या होत्या. त्यानं दोन्ही चाळल्या, खरं तर न वाचताच.

"हिलारिओचं नाव यात नाही," तो म्हणाला.

"घाल की मग."

"कसं घालू? चर्चच्या वहीत नोंद आहे. पोराचा धर्मबाप कोण, ते अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. वरचे लोक विचारतील, बादशहाचा कोंपाद्रे आमच्या बाजूनं कधी लढला?"

"तुझ्या माणसाला पाठीवर घेऊन ओहोळ ओलांडत होता, तेव्हा."

"याला साक्षीदार कोण?"

खोलीत कारकून होता, दारात बाया होत्या. निकानोरा टेबलावर हात टेकून जरा वाकली.

"तू," ती म्हणाली. "पाणी आणायला गेला होतास ना? अजून येतोयस."

बासिलिओचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. कारकून दौतीत बघत राहिला. बाहेरच्या बायांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्यांतली एकही पुढे कधी त्याबद्दल बोलली नाही. त्यांच्या जमिनी त्याच टेबलावरून मिळायच्या होत्या.

तो सावकाश म्हणाला, "एक करता येईल. आता सरकारी दप्तरात नावं लागतात, चर्चचं काही चालत नाही. पोराचं नाव बदल. या वर्षी गावात दर दुसरं पोर बेनितो आहे, राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून. तोही बेनितो होऊ दे. मग बघतो."

"बदलते. हिलारिओ लाव."

"ते नाही."

"बापाचं नाव आहे."

"ते नाव मी माझ्या हातानं लिहिणार नाही, निका," बासिलिओ म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ झाला, जवळजवळ विनवणीचा. "दुसरं कुठलंही सांग."

ती उठली. तिला जमीन मिळाली नाही. नाव बदललं नाही. त्या माणसाला रोज आपला मित्र आठवत असेल, हे त्या दिवशी तिला कळलं. पण आठवून तो चांगला झाला नव्हता. ज्याच्यामुळे आठवतं ते डोळ्यांसमोर नको, एवढंच त्याला हवं होतं.

नोव्हेंबरात बादशहाची शवपेटी त्याच रस्त्यानं समुद्राकडे गेली. बंदोबस्ताला घोडेस्वार होते. गावाला बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, तरी पुष्कळजण भिंतीआडून बघत होते. आता त्या भिंतींचा चुनाही उडाला होता. निकानोरा रानात होती. कुणीतरी बांधावरून ओरडलं, "कोमाद्रे, तुझा कोंपाद्रे चाललाय, निरोप घे की." तिनं वर पाहिलं नाही. तीन वर्षांचा चानो मात्र घोडे बघायला पळत गेला.

पुढची चौदा-पंधरा वर्षं तशीच गेली, आणि तशा वर्षांचं सांगण्यासारखं काही नसतं. ती नीरा काढायची, चानो मोठा होत होता. बुटका, रुंद खांद्यांचा, बापासारखा कमी बोलणारा. गावातली पोरं त्याला बादशहा म्हणत. खेळात हरला की त्याला भिंतीशी उभं करत आणि काठ्यांच्या बंदुका रोखत. तो उभा राहायचा. एकदा घरी येऊन त्यानं विचारलं, माझ्या धर्मबापाचं तोंड कसं होतं. पदक तर तिनं केव्हाच मक्यासाठी विकून टाकलं होतं. ती म्हणाली, मी पाहिलं नाही. पोराला वाटलं, आई लपवते.

बासिलिओला मुलगे झाले नाहीत. तो गावचा मुख्य झाला, जमीनदाराचा दोस्त झाला. झऱ्याचा बांध आणखी पक्का झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला त्याचंच भाषण झालं. चानोकडे तो कधी बघायचा नाही. पण फौजेत सक्तीनं माणसं धाडायचा हुकूम आला, दर गावानं पाच, तेव्हा यादी त्यानंच केली. चार पोरं दारुडी, भांडखोर होती. पाचवं नाव चानोचं.

निकानोरा त्याच्या घरी गेली. त्या घरची पायरी ती वीस वर्षांत पहिल्यांदा चढली. तो अंगणात पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. तिनं भांडण केलं नाही. ती म्हणाली, "दोघं गेली तेव्हा खोकी तू उचललीस. हा एकच राहिलाय."

बासिलिओ पाण्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, हे तिनं पाहिलं, आणि पुढे ती ते नाकारायचीही नाही. "यादी वर गेली," तो म्हणाला. "आता माझ्या हातात नाही." यादी दुसऱ्या दिवशी गेली. तिला ते नंतर कळलं.

दोरीला बांधून पाचजणांना पुएब्लाला नेलं. चानोनं मागे वळून पाहिलं, हात बांधलेले असल्यामुळे मान हलवली. त्यानंतर काही नाही. निरोप नाही, मेल्याची बातमी नाही.

वर्षभरानं ती बराकीवर गेली. फाटकाशी बसलेल्या हवालदारानं नाव विचारलं, मोठी वही उलटीसुलटी केली, आणि हसला. तसा वाईट माणूस नव्हता.

"या नावाचा इथं कुणी नाही, मावशी. असला तरी नसणार."

"म्हणजे?"

"असलं नाव घेऊन कोण पलटणीत राहील? पहिल्याच दिवशी पोरं दुसरं सांगतात. पेद्रो, हुआन, मेलेल्या भावाचं, सुचेल ते. आम्ही लिहून घेतो. तुमच्यानं काय नाव घेतलं असेल?"

तिनं दोनतीन सांगितली. हिलारिओ आधी सांगितलं. हिलारिओ वहीत नऊ होते. एक उत्तरेत मेलेला, दोन पळून गेलेले, बाकीचे कुठं कुठं. गाव कुणापुढेच लिहिलेलं नव्हतं. बुटका, रुंद खांद्यांचा, असं तिनं सांगितलं. हवालदारानं आवारातल्या कवायतीकडे बोट दाखवलं. दोनशे पोरं होती, बुटकी, रुंद खांद्यांची.

ती दर महिन्याला जायला लागली. नवीन पलटण आली की, जुनी परतली की. काही वर्षांनी फाटकावरचा माणूस बदलला. नव्याला ती मक्याच्या पानात उकडलेले तामाल विकणारी वाटली, आणि त्यानं तिला जागा दाखवली, तामालवाल्या बाया तिकडे बसतात म्हणून. मग तिनं खरंच टोपली आणायला सुरुवात केली. मिरचीचे, घेवड्याचे तामाल. शिपाई घोळक्यानं यायचे. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, बाळा, गाव कुठलं तुझं, आई कोण.

पोरांना ते कळलं. घरापासून लांबची, उपाशी, थट्टेखोर पोरं. एके दिवशी एकानं टोपी काढून म्हटलं, "आई, ओळखलं नाहीस का? मीच तो." मागचे हसत होते. दात वेगळे होते, बोली उत्तरेकडची होती. निकानोरानं टोपलीवरचं फडकं उचललं आणि सगळ्यात मोठा तामाल पैसे न घेता त्याच्या हातावर ठेवला. तो खाऊन होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

पुढच्या महिन्यात दुसरा आला, तोही तिचा मुलगा होता. मग तिसरा. त्यानंतर ती पैसे आधी घ्यायला लागली.